अनुभव धागा : कोठ्यातली (गोठ्यातली) अन् वावरातली रोजची कामं (माप सांगा, किस्सा नको)

तिफण
पोळा आला तोंडावर. माळ्यावरच्या घुंगरमाळा काढल्या तर चामडी पट्टे वाळून कडक. एरंडीचं तेल चोपडलं आणि त्या वासानं जुनी खांदशेकणी आठवली. म्हटलं धागा काढावा. अट एकच : किस्से नकोत, ते पारावर होतातच. काम कसं करायचं, किती, केव्हा, काय बिघडते आणि काहून, तेवढं लिहा. पाच-सात एकर, एक बैलजोडी, गाय-म्हैस, चार शेळ्या, कोंबड्या, असं नागपूर जिल्ह्यातलं घर धरून चालू.

खांदशेकणी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. बैल धुऊन पूर्ण वाळू द्या. पाणी कोपराला सोसेल इतकंच गरम. पळसाची पानं त्यात बुडवून खांद्यावर दाबून धरायची, गार झाली की दुसरी, असं दहा-पंधरा मिनिटं. मग दोन चमचे लोणी किंवा तूप आणि चिमूटभर हळद हलक्या हातानं चोळायची. शेवटी आवतन : आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.

मृगापासून डवरणी (उभ्या पिकातली कोळपणी) संपेपर्यंत जू चार बोटं जागेवरच घासते. कातडी जाड होते, भेगा पडतात. शेकल्यानं मऊ पडते, आणि हात फिरवला की सूजही कळते. सूज गरम लागली, आत पाणी हलल्यासारखं वाटलं तर शेकायचं नाही, चोळायचं नाही, फोडायचं तर मुळीच नाही. डॉक्टरला दाखवा आणि उतरेपर्यंत जू ठेवू नका. खांदा येतो (सुजतो) तो बहुतेक तीन कारणांनी : ओल्या अंगावर जू ठेवणं, जोडीच्या उंचीत फरक असल्यानं जू तिरपं बसणं, आणि जुवाचं पोट खरखरीत असणं. तिसऱ्याला उपाय स्वस्त आहे. फुटक्या काचेनं खरवडून गुळगुळीत करा, लाकडाला जवसाचं तेल पाजा, जू दोन दिवस सावलीत ठेवा.

पुढे चालू द्या.

उमरेडची सून
हौ, चांगला धागा. स्वयंपाक करता करता लिहून रायले, चुका सांभाळा.

वासरू झाल्याबरोबरचं लिहिते. पहिले नाकातोंडातला चिकट काढा, दोन बोटं घालून. श्वास नाही घेतला तर नाकात वाळली काडी फिरवा, शिंक येते. गाय चाटत असेल तर चाटू द्या, नाही तर कोरड्या गोणपाटानं घसघसा पुसा. नाळ बेंबीपासून दोन-तीन बोटं सोडून उकळलेल्या दोऱ्यानं बांधा, त्याच्या खाली नव्या पात्यानं कापा, टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. पुढचे दोन-तीन दिवस रोज दोनदा आयोडीन. हे चुकलं तर बेंबी सुजते, मग सांधे सुजतात, वासरू उठत नाही.

चीक (व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध) पहिल्या तासात पोटात गेलाच पाह्यजे. दिवसभरात वासराच्या वजनाचा दहावा भाग. पंचवीस किलोचं वासरू असेल तर अडीच लिटर, तीन-चार वेळा मिळून. आजी-सासू म्हणतात जार (वार) पडेपर्यंत पाजू नका. उलट आहे, वासरू तोंड लावते तेव्हा गर्भाशय आकसते अन् जार लवकर सुटते. आठ ते बारा तासात पडली पाह्यजे. त्यापुढे गेली तर डॉक्टर. जारेले चप्पल, वीट बांधू नका, आतून फाटते, अंग (गर्भाशय) बाहेर येते. पडली की खोल पुरा. गाईनं खाल्ली तर अपचन, अन् कुत्रे ओढत फिरतात ते वेगळंच.

रात्रपाळी
ताई, खरवसाचं माप पण टाका. मुद्द्याचं बोला 😄

उमरेडची सून
पहिल्या दिवसाचा चीक घट्ट असते, त्यात दुप्पट दूध. दुसऱ्या दिवसाच्यात निम्मं दूध. तिसऱ्या दिवशीच्यात पाणी-दूध काहीच नाही. लिटरभर मिश्रणाले पाव किलो गूळ, विलायची, जायफळ. गूळ थंड दुधातच विरघळवा अन् गाळून घ्या. वीस-पंचवीस मिनिटं वाफेवर, डब्यावर झाकण. सुरी कोरडी निघाली की झालं. पण वासराचं पोट भरल्यावर जे उरते त्याचाच, समजलं का भाऊ?

निवृत्त पर्यवेक्षक
नोकरी गुरांच्या दवाखान्यात झाली, म्हणून लसींचं लिहितो. फॅक्टरीच्या कामगारासारखं वेळापत्रक भिंतीवर लावा, आठवणीवर सोडू नका.

घटसर्प आणि फऱ्या : मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, वर्षातून एकदा. लाळ्या-खुरकूत : दर सहा महिन्यांनी. लम्पीसाठी आपल्याकडे शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना देतात, वर्षातून एकदा. सांसर्गिक गर्भपाताची लस फक्त मादी वासरांना, ४ ते ८ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच. गाभण गाईला ती कधीही नाही. शेळ्यांना आंत्रविषार पावसाआधी, आणि पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) एकदा दिली की साधारण तीन वर्षं पुरते.

लोक म्हणतात लस दिली तरी रोग आला. कारणं बघा. लस बर्फातून बाहेर राहिली असेल. जनावर जंतानं पोखरलेलं असेल, त्यात प्रतिकारशक्ती तयारच होत नाही, म्हणून लसीच्या आठ-पंधरा दिवस आधी जंताचं औषध द्यावं. किंवा रोग गावात शिरल्यावर लस टोचली असेल. लस चढायला दोन-तीन आठवडे लागतात. लसीनंतर दोन दिवस दूध थोडं कमी होतं, कधी मानेवर गाठ येते. घाबरू नका, लस बंदही करू नका.

कानातला पिवळा बारा अंकी बिल्ला काढून फेकणारे महाभाग आहेत. नुकसानभरपाई, विमा, सगळं त्या अंकावर चालतं. बिल्ल्याची जागा पिकली तर हळद-तेल लावा, बिल्ला राहू द्या. फिरत्या दवाखान्यासाठी फोन नंबर १९६२.

ढेपवाला
काका बरोबर. आता खाण्याचं.

चारशे किलोची गाय धरा. कोरड्या हिशेबानं (चाऱ्यातलं पाणी सोडून) तिला दहा-बारा किलो रोज लागते. त्यात हिरवं पंधरा-वीस किलो (हिरव्यात पाणीच जास्त), कुटार (मळणीनंतरचा भुसा) नाहीतर कडबा चार-पाच किलो. आलाप म्हणजे खुराक अंगापुरता एक-दीड किलो, वर दुधाच्या हिशेबानं : गाईला दर अडीच लिटरमागे एक किलो, म्हशीला दर दोन लिटरमागे एक किलो. खनिज मिश्रण ५० ग्रॅम, मीठ ३०-४० ग्रॅम. खनिज मिश्रण महाग वाटते म्हणून लोक टाळतात, मग गाय माजावर येत नाही म्हणून हजाराची इंजेक्शनं मारतात.

सरकी ढेप दोन-तीन तास भिजवून. फोडून वास घ्या. कुबट आला, आत हिरवट-काळं दिसलं तर ते पोतं परत करा, उन्हात वाळवून बुरशीचं विष जात नाही. लहान वासरांना सरकी ढेप नको, शेंगदाणा किंवा जवसाची द्या.

कुटारात पहिला नंबर तुरीचं. मग हरभऱ्याचं. सोयाबीनचं कुटार पौष्टिक आहे पण काडी टोचते अन् काढणीत पाऊस लागला की बुरशी धरते. गव्हाचं म्हणजे पोट भरायचं साधन. धानाचं तणस (मौदा, रामटेक, कुही पट्ट्यात भरपूर) तसंच. त्याला युरियाची प्रक्रिया करता येते : १०० किलो तणस, ४ किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाणी. थर द्या, शिंपडा, तुडवा, ताडपत्रीनं हवाबंद झाका, २१ दिवस. उघडल्यावर सोनेरी-तपकिरी रंग अन् डोळ्यात पाणी आणणारा वास आला म्हणजे जमलं. खायला घालायच्या तासभर आधी पसरून ठेवा. सुरुवात थोड्यानं, आठवडाभरात वाढवा. सहा महिन्यांखालच्या वासरांना नाही. आणि कच्चं सोयाबीन अन् युरियाचं तणस एका दिवशी कधीच नको. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिया फोडणारं द्रव्य असते, पोटात एकदम अमोनिया सुटते.

कळमेश्वरची मावशी
खत टाकताना युरियाची बादली धुऱ्यावर (बांधावर) ठेवून जेवायला जातात पोट्टे. तहानलेली गाय दोन घोटात पिऊन टाकते. थरथरते, फेस येते, पोट फुगते, तासाभरात खेळ खलास. डॉक्टर नळीनं थंड पाणी अन् व्हिनेगर पोटात सोडतात पण वेळ फार कमी राहते. बादली उलटी घालून ठेवायची सवय लावा ना बाप्पा, काय जाते?

तिफण
मावशी, लाख मोलाचं. वखर-डवऱ्याच्या कामात युरियाची गोणी अन् बादली दोन्ही बंडीवरच (बैलगाडीवरच) ठेवावी, खाली नाही.

वगार
म्हशीबद्दल कोणीच नाही बोललं 😒 नागपुरी म्हैस, तलवारीसारखी लांब शिंगं मागे खांद्यापर्यंत गेलेली, आपल्या भागाची आहे. दूध मुऱ्हापेक्षा कमी, पण ऊन अन् निकृष्ट चारा सहन करते.

तरी मे महिन्यात ४५ अंशाच्या वर गेलं की तिचंही काही खरं नसते. काळी कातडी, घामाच्या ग्रंथी कमी. अकरा ते चार दर दोन तासांनी अंगावर पाणी. गोणपाटाचे पडदे ओले करता ते ठीक, पण वरची हवा बंद करू नका. ओलं अन् कोंदट झालं की धाप वाढते. दोन्ही बाजूंनी वाऱ्याची वाट, छतावर तुराट्या-पऱ्हाटीचा थर. टिनाच्या पत्र्याला वरून चुना मारला तर आत फरक लगेच कळते. चारा सकाळी सहाच्या आत अन् रात्री, दुपारी फक्त पाणी. पाण्याच्या टाक्याला सावली पाह्यजे, तापलेलं पाणी जनावर पीत नाही अन् दूध तिथंच घटते.

म्हशीचा माज उन्हाळ्यात मुका असतो. रात्री-पहाटे पाहा : सोट (चिकट स्राव), वारंवार थोडं थोडं मुतणं, दूध चोरणं. सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरवा (रेतन करा), संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

काटोलकर
+१. दूध चोरते त्यावर इंजेक्शन देणारे आहेत, ते बंद करा. वासरू सोडा, सड कोमट पाण्यानं धुवा, एक-दोन मिनिटं थांबा, पान्हा येते. आला की पाच-सात मिनिटात धार संपवा, त्यानंतर पान्हा ओसरते.

उमरेडची सून
धारेवरून : पहिल्या दोन चिळकांड्या काळ्या फडक्यावर मारा. गुठळ्या, दोरे दिसले की दगडीची (कास सुजण्याच्या रोगाची) सुरुवात. ते दूध जमिनीवर नका टाकू, डब्यात घेऊन दूर फेका. मुठीनं पिळा, अंगठा दुमडून ओढलं तर सडाच्या आत इजा होते. धार झाल्यावर सड औषधात बुडवा अन् लगेच पुढं चारा टाका. सडाचं तोंड अर्धा तास उघडं राहते, तेवढा वेळ गाय उभी राह्यली पाह्यजे, शेणात बसली की जंतू आत. दगडी असलेल्या गाईची धार सगळ्यात शेवटी.

कुटार मास्तर
कोवळ्या ओल्या चाऱ्याची दोन संकटं लिहितो, यात ढोरं जातात.

पहिलं किराळ. ज्वारीचे कोवळे धांडे. गुडघ्याएवढं पीक, किंवा पावसाचा खंड पडून खुरटलेलं, किंवा कापलेल्या खुंटाला फुटलेले पोंगे, तिन्हीत विष. पंधरा-वीस मिनिटांत जनावर धापा टाकते, हिरड्या लालभडक, लडखडून पडते. डॉक्टर शिरेतून औषध देतात, त्यात उशीर चालत नाही. म्हणून ज्वारी फुलोऱ्यावर आल्याशिवाय ओली चारू नका. वावराच्या कडेला बांधलेली गाय दावं तोडून जाते ते याच दिवसांत, दावं तपासा.

दुसरं पोटफुगी. कोवळा ओला लसूणघास, बरसीम, हरभऱ्याचा पाला, सकाळच्या दवात उपाशी पोटी. डावी भकाळी (बरगड्यांमागची कूस) ढोलासारखी फुगते, टिचकी मारली तर पोकळ आवाज. पुढचे पाय उंचावर येतील असं उभं करा. तोंडात आडवी काठी बांधा, चघळून लाळ गिळते, ढेकर येतात. मोठ्या गाईला पाव ते अर्धा लिटर गोडेतेल. पाजताना मान जमिनीला समांतर ठेवा, जीभ ओढू नका, गालाच्या बाजूनं थोडं थोडं सोडा, ठसका आला की मान सोडून द्या. तेल फुप्फुसात गेलं तर पोटफुगी बरी होऊनही जनावर आठवड्याभरानं मरते. आडवं पडलं, जीभ बाहेर आली की तेलाच्या नादी न लागता डॉक्टर. भकाळीत कोयता खुपसणारे धाडसी लोक असतात, तो शेवटचा उपाय आहे आणि तो डॉक्टरांच्याच हातचा.

टाळायचं कसं : चारायला सोडण्याआधी दोन-तीन किलो कुटार पोटात जाऊ द्या. बस.

रात्रपाळी
पोळ्याच्या दिवशी हेच होते ना पण? सारं गाव बैलाले पुरणपोळी चारते.

कुटार मास्तर
हो, ते तिसरं संकट, विसरत होतो. पुरणपोळी, ठोंबरा, तांदूळ, गूळ, घरोघरी ओवाळणी अन् घरोघरी घास. एकदम धान्य पोटात गेलं की पोटात आम्ल होते. बैल दुसऱ्या दिवशी सुस्त, रवंथ बंद, पातळ आंबट शेण. ठोंबरा म्हणजे भरडलेली ज्वारी शिजवून त्यात गूळ. सवय नसलेल्या बैलाला अर्धा किलोच्या वर नको. घराघरातून नावाला एक तुकडा. त्या दिवशी सकाळी कुटार पोटभर द्या म्हणजे हावरट होत नाही. दुसऱ्या दिवशी रवंथ दिसली नाही तर खाण्याचा सोडा मोठ्या बैलाला १०० ग्रॅम, पाण्यातून, आणि डॉक्टरला फोन.

वगार
शिंगांना ऑइल पेंट नको. गेरू, हिंगूळ लावा. ऑइल पेंट सहा महिने निघत नाही, मग पातं घेऊन खरवडतात अन् शिंगाच्या आतल्या जिवंत भागापर्यंत पोचतात. बेगड चिकटवायला पण डिंकच. वेसण पोळ्याला बदलायची ती सुती. नायलॉननं नाकपुडी कापते, जखमेत आसडी (अळ्या) पडतात.

गिट्टीखदान
मी शहरातला. मारबत-बडग्याच्या (इडापीडा नेणाऱ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीला येऊन राहिलेत का कोणी नागपूरच्या महालात? दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा आहे आमच्याकडं. लाकडी नंदी कुठं चांगला मिळते?

रात्रपाळी
भाऊ मारबत अन् तान्हा पोळा एकाच दिवशी असतात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 😂 "इडा, पीडा, माशा, मोंगसे घेऊन जाय गे मारबत". नंदी घ्यायचा तर चाकं हलवून पाहून घ्या, आस लोखंडी असलेला घ्या. लाकडी आस पोट्ट्यानं पहिल्याच दिवशी तोडते.

निवृत्त पर्यवेक्षक
माशा-मोंगसे मारबत नेईल तेव्हा नेईल. गोचिडाचं काय?

कोठ्यातल्या गोचिडांपैकी फार थोडी अंगावर असतात, बाकी भिंतीच्या भेगेत, गव्हाणीखाली अंडी घालून बसलेली. म्हणून नुसतं अंगावर औषध मारून काही होत नाही. भेगा मातीनं बुजवा, चुना मारा, सिमेंटची भिंत असेल तर गॅसच्या पेटत्या नळीनं भेगा भाजा (कुटार बाहेर काढून, नाहीतर कोठाच जाईल). अमिट्राझ १२.५ टक्क्यांचं असेल तर लिटरला २ मिली, संध्याकाळी, पोटाखाली, शेपटीखाली, सगळीकडे, फक्त कानाच्या आत नाही. आधी पाणी भरपूर पाजा, तहानलेलं जनावर अंग चाटते. दोन आठवड्यांनी पुन्हा, कारण अंड्यातून नवी निघतात. घोड्याला हे औषध कधीच नाही. कोंबड्या मोकळ्या सोडल्या तर खालची गोचिडं टिपतात, पण फवारणीच्या दिवशी त्या बंद.

कोंबडीवाली
कोंबड्यांचं नाव निघालंच आहे तर.

गावरान खुडूक (अंड्यावर बसणारी कोंबडी) बसवताना दहा-बारा अंडी, जास्त नाही, कडेची गार पडतात. अंडी आठवड्याच्या आतली, निमुळतं टोक खाली करून ठेवलेली, धुतलेली नको. सातव्या रात्री मोबाईलच्या बॅटरीवर धरून बघा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा, स्वच्छ दिसलं तर काढा, नाही तर सडून फुटते अन् सगळ्यांचा नाश. एकविसाव्या दिवशी पिल्लं. खुडकीखाली राख अन् निंबाचा पाला टाकला की उवा कमी होतात.

पिल्लांची लस : ७ व्या दिवशी लासोटा (मानमोडीची लस) डोळ्यात एक थेंब, १४ व्या दिवशी गंबोरो, २८ व्या दिवशी पुन्हा लासोटा, आठव्या आठवड्यात मानमोडीची टोचायची लस. एका कुपीत शंभर मात्रा असतात, दहा-बारा पिल्लांसाठी कोण फोडते? म्हणून गल्लीतल्या चार-पाच घरांनी एकाच आठवड्यात खुडूक बसवायच्या, लस वाटून घ्यायची. विरघळवलेली लस बर्फावर ठेवून दोन तासांत संपवा.

उबेला पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढं दर आठवड्याला तीन-तीन अंशांनी कमी. पिल्लामागे दोन वॅट हिशेबानं पिवळा बल्ब. एलईडी लावून बसू नका, त्यानं उजेड होते, ऊब नाही. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजते, कडेला चोच उघडून बसली तर गरम होते, सारखी पसरली तर बरोबर.

मुंगसाचं : जाळीचं भोक अर्ध्या इंचाच्या वर नको, अन् जाळी जमिनीत हातभर गाडा.

ढेपवाला
गल्लीनं मिळून खुडूक बसवायची कल्पना भारी आहे. शेळ्यांचं कोण लिहिते?

कळमेश्वरची मावशी
मी लिहिते, हात धुऊन आले.

बेरारी शेळी आपल्या भागाची, कापसाच्या, तुरीच्या धसकटावर पण भागवते. गाभण काळ पाच महिने. मे-जूनमध्ये बोकड दाखवला की करडं दिवाळीच्या आसपास, तेव्हा चारा भरपूर अन् पाऊस गेलेला. भर पावसात झालेली पिल्लं न्यूमोनियानं जातात. दर दोन वर्षांनी बोकड बदला, घरचाच ठेवला तर पिल्लं लहान अन् कमजोर होत जातात.

जंताचं औषध पावसाआधी एक, पावसानंतर एक. मधे डोळ्याची खालची पापणी उलटून पाह्यची. लाल असली तर ठीक, पांढरी पडली तर जंत रक्त पिऊन रायले. सगळ्यांना सारखं औषध देऊ नका, पांढऱ्या पापणीवालीलेच द्या, नाही तर औषध लागू होणं बंद होते. दव वाळल्याशिवाय चारायले सोडू नका, ओल्या गवताच्या शेंड्यावर जंताची पिल्लं चढून बसतात.

सुबाभूळ चांगली पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, केस गळतात. बाभळीच्या शेंगा वाळवून ठेवा, उन्हाळ्यात कामी येतात. माचाण जमिनीपासून तीन फूट, फळ्यांच्या फटीतून लेंडी पडली पाह्यजे अन् खूर अडकू नये.

काटोलकर
शेळी अन् संत्रा एका वावरात नको मावशी! साल कुरतडली की झाड गेलं.

संत्र्याचं थोडक्यात. मोठ्या झाडाला ४०-५० किलो कुजलेलं शेणखत, पावसाच्या सुरुवातीला, खोडापासून तीन-चार फूट दूर आळ्यात. खोडाला टेकवून ढीग लावला की डिंक्याला (खोडातून डिंक गळायच्या रोगाला) आवतन. ओलं शेण तर नकोच, हुमणी येते. बोर्डो पेस्ट खोडाला तीन फुटांपर्यंत, पावसाआधी एकदा अन् पावसानंतर एकदा : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. फवारणीचं एक टक्का असेल तर तेच १-१ किलो पण १०० लिटरला. दोन वेगळ्या प्लास्टिकच्या टाक्यांत विरघळवा, मग दोन्ही एकदम तिसऱ्या टाकीत ओता. लोखंडी बादली नको. वावरात बैल-शेळ्या असतील तर फवारणीच्या झाडाखालचं गवत दोन-तीन आठवडे चारू नका, तांब्याचं विष बाधते, मेंढीला तर फारच.

तिफण
बादल्या धुतलेलं पाणी पण ढोरांच्या पाण्याच्या टाक्यात पडू नये, हे जोडतो.

पेंचकाठ
आमच्याकडं वाघ-बिबट. कोठ्याला दार अन् वरून जाळी, बिबट कौलातून उतरते. ढोरं झुंडीनं, दिवस बुडायच्या आत परत, गायकी (गुराखी) दोघं असले पाह्यजेत. जनावर मारलं तर उरलेलं हलवू नका, गावकऱ्यांना ओढू देऊ नका, लगेच वनरक्षकाला कळवा. पंचनामा झाला तर भरपाई, नाहीतर नाही. अन् रागानं विष टाकायचं नाही, गुन्हा आहे, वर गावचे कुत्रे अन् गिधाडं मरतात.

उमरेडची सून
सापाचं पण. कुटार काढताना हात घालायच्या आधी काठीनं ठोका, बॅटरी घ्या, रात्री खाली झोपू नका. चावला तर करकचून बांधणं, चिरणं, मंत्र काही नाही. हातपाय हलवू न देता सरळ दवाखान्यात, विषावरची लस असलेल्या. मण्यार चावली की दुखत नाही, सूजत नाही, म्हणून लोक झोपतात अन् सकाळी उठत नाहीत.

गिट्टीखदान
बापरे. बरं, जोडी घ्यायची झाली तर वय कसं ओळखता? काकाला घ्यायची आहे.

कुटार मास्तर
खालच्या जबड्याचे पुढचे दात. दोन पक्के दात म्हणजे दोन-अडीच वर्षं, चार म्हणजे तीन, सहा म्हणजे साडेतीन-चार, आठ पूर्ण झाले की साडेचार-पाच. त्यापुढं झिजेवरून. शिंगाच्या वळ्यांवर विश्वास नको, घासून गुळगुळीत करतात. बाजारात चालवून पाहा, मऊ मातीत अन् गोट्यांवर, दोन्हीकडं. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशात पडला पाह्यजे. बसवून उठवा. खांद्यावर पांढरे केस म्हणजे जुनी जखम. गवळाऊ असेल तर पाय हलके, बंडीला पळते. भारी नांगरणीचा बैल तो नव्हे.

रात्रपाळी
काटोलकर भाऊ, बोर्डोत चुना कोणता घेता? दुकानदार फक्की चुना (आधीच विरलेल्याची पूड) देऊन रायला.

काटोलकर
कळीचाच घ्या, आदल्या रात्री पाणी मारून विरवा अन् फडक्यातून गाळा, नाहीतर पंपाचं नोझल बंद पडते. फक्कीच मिळाला तर तिसरा हिस्सा जास्त घ्या, अन् पोतं जुनं असेल तर त्याहून थोडा वर. मग मिश्रणात घासलेला विळा एक मिनिट बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, थोडा थोडा वाढवत जा, पातं जसंच्या तसं निघेपर्यंत. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी खाली बसते अन् पानाला चिकटत नाही.